‘सर, मार्गदर्शन करा’ म्हणजे नेमके काय करायचे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे मुद्दाम एकत्र घेतली आहेत. चारही माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांविषयी आहेत. पहिल्या पत्रातल्या विद्यार्थ्याला ज्या प्रकारच्या माणसाची गरज आहे, तसाच माणूस दुसऱ्या पत्रात वैतागून बसलेला आहे, म्हणून ती दोन पत्रे लागोपाठ दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी लातूरला संगणकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. सायबर सुरक्षेची आवड आहे म्हणून रात्रीच्या बसने पुण्याला एका बैठकीला गेलो. तीन तास बसलो, पण एकही व्याख्यान धड समजले नाही. शेवटी धीर करून ‘पोर्ट म्हणजे नेमके काय?’ असे विचारले, तर मागच्या रांगेत हशा पिकला आणि ‘गूगल कर ना भावा’ असे उत्तर मिळाले. परतीच्या प्रवासात वाटले, हे क्षेत्र आपल्यासारख्यांचे नाहीच. खरेच तसे आहे का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : आधी तुमच्या त्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण ते तुम्हाला अजून कोणी दिलेले दिसत नाही. तहसील कचेरीचा पत्ता एकच असतो, पण सातबाराची खिडकी वेगळी, उत्पन्नाच्या दाखल्याची वेगळी आणि शिधापत्रिकेची वेगळी. तसाच संगणकाचा आयपी पत्ता एक असला, तरी त्यावर चालणाऱ्या निरनिराळ्या सेवा निरनिराळ्या क्रमांकांच्या खिडक्यांवर कान देऊन बसलेल्या असतात आणि त्या क्रमांकाला पोर्ट म्हणतात. हे क्रमांक ० ते ६५५३५ असे असतात. सुरक्षित संकेतस्थळाची खिडकी सहसा ४४३ क्रमांकाची असते, तर दुरून संगणक चालवण्यासाठी वापरली जाणारी एसएसएच सेवा सहसा २२ क्रमांकावर भेटते. पोर्ट स्कॅन करणे म्हणजे कचेरीभर फिरून कोणत्या खिडक्या उघड्या आहेत ते पाहून येणे. हे सांगायला मला पाच वाक्ये लागली. मागच्या रांगेलाही तेवढीच लागली असती.

आता हशा का पिकला, याविषयी. आज या क्षेत्रात ज्येष्ठ असलेले बहुतेक लोक स्वतःच्या खटपटीने शिकलेले आहेत. त्या काळी महाविद्यालयांत हा विषय नव्हता, क्लास नव्हते, आणि रात्र रात्र जागून मॅन्युअल वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या कष्टांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, परंतु हळूहळू त्या अभिमानाचे रूपांतर ‘आम्हाला कोणी सांगितले नाही, तर यांना का सांगावे’ अशा वृत्तीत होते. सासूने सोसले म्हणून सुनेनेही सोसावे, हा न्याय आपल्या घरांतून निघून चालला असला, तरी संगणकाच्या या प्रांतात तो अजून मुक्काम ठोकून आहे. अमेरिकेत लास व्हेगास येथे १९९३ पासून डेफ कॉन ही प्रसिद्ध परिषद भरते. तिथे ‘मेंढ्यांची भिंत’ नावाचा एक प्रकार आहे : परिषदेच्या नेटवर्कवर बेसावधपणे, कूटबद्ध न केलेल्या मार्गाने कोणी लॉगिन केले, की त्याचे वापरकर्ता-नाव आणि अर्धवट झाकलेला पासवर्ड सर्वांसमोर पडद्यावर झळकतो. चेष्टा झणझणीत आहे आणि एकदा अनुभवलेला माणूस तो धडा सहसा विसरत नाही, हे मी मान्य करते. पण त्या चेष्टेवर स्वतः हसू शकतो तो माणूस बहुधा मित्रांसोबत आलेला असतो; शेजारी बसलेला कोणीतरी ‘असे झाले, आणि असे टाळायचे’ हे लगेच सांगणारा असतो. एकट्याने आलेल्या माणसाला पडद्यावर दिसते ते फक्त आपले नाव. तुमच्या बाबतीत हेच झाले.

तुम्ही कोणत्या बैठकीला गेला होतात ते मी छापत नाही, पण सगळ्या बैठका तशा नसतात. आपल्याकडे ‘नल’ नावाचा माहिती सुरक्षेचा खुला समुदाय आहे; पुणे, मुंबई, बंगळुरू अशा शहरांत त्याच्या शाखा आहेत, त्यांच्या बैठका विनामूल्य असतात, आणि याच समुदायातून २०१० साली गोव्यात ‘नलकॉन’ ही परिषद सुरू झाली. त्यांच्या बैठकांत ‘न्यूज बाइट्स’ नावाचा एक भाग असतो, ज्यात अलीकडच्या सुरक्षाविषयक घडामोडी कोणीतरी थोडक्यात सांगतो. नवख्या माणसाने मागून घ्यावे असे हे काम आहे. आयोजकांना आधी कळवा, एकच बातमी निवडा, ती चार ठिकाणी वाचा, आणि जे समजले नाही ते ‘समजले नाही’ असे स्पष्ट सांगा. श्रोता म्हणून गेलेल्या माणसाशी बोलायला लोकांना निमित्त लागते. पाच मिनिटे बोललेल्या माणसापाशी ते चहाच्या वेळी आपण होऊन येतात. व्याख्यानांपेक्षा प्रत्यक्ष हात चालवायचा असेल, तर ‘हमला’ आणि ‘बचाव’ अशा सार्थ नावांची त्यांची सत्रे असतात, त्यांची चौकशी करा.

दरम्यान लातूरला बसून एक काम सुरू करा. ‘ओव्हर द वायर’ या संकेतस्थळावर ‘बँडिट’ नावाचा नवशिक्यांसाठीचा खेळ आहे. एसएसएचने त्यांच्या संगणकात शिरायचे, एका फाइलमध्ये दडवलेला पासवर्ड शोधायचा आणि तो वापरून पुढच्या पायरीवर जायचे. अगदी सुरुवातीच्या एका पायरीवर फाइलचे नाव केवळ ‘-’ असे आहे. नवखा माणूस नेहमीच्या सवयीने फाइलमधला मजकूर दाखवणारी ‘कॅट’ ही आज्ञा देऊन पुढे ती आडवी रेघ लिहितो, एंटर दाबतो, आणि काहीच होत नाही. कर्सर लुकलुकत राहतो. संगणक अडकला असे समजून बहुतेकजण खिडकी बंद करतात. संगणक अडकलेला नसतो. तो तुमचे ऐकत बसलेला असतो. काहीतरी टंकून पुन्हा एंटर दाबून पाहा, म्हणजे तो काय करतो आहे ते दिसेल, आणि त्या एकट्या रेघेचा त्याने कोणता अर्थ घेतला हेही उमगेल. पुढचे उत्तर इथे छापणार नाही. अर्धा दिवस गेला तरी चालेल.

राहिला मराठी माध्यमाचा प्रश्न. या विषयातले बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे आणि ते वाचावेच लागेल, त्याला पर्याय नाही. मात्र वाचून झाल्यावर काय समजले ते एका वहीत मराठीतच लिहा. जे आपल्या भाषेत लिहिता येत नाही, ते अद्याप समजलेले नाही असे खुशाल धरा. ही कसोटी इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना सहसा मिळत नाही.

प्रश्न : मी हिंजवडीतील एका कंपनीत गेली बारा वर्षे ॲप्लिकेशन सुरक्षेचे काम करतो. लिंक्डइनवर मला दर आठवड्याला आठ-दहा संदेश येतात : ‘सर, मार्गदर्शन करा’, ‘सर, रोडमॅप द्या’. सुरुवातीला मी दोन-दोन तास खर्चून दुव्यांच्या लांबलचक याद्या पाठवत असे. एकही मुलगा परत आला नाही. एकाने तर मैत्रिणीचे इन्स्टाग्राम खाते उघडून देण्याची मागणी केली. आता मी उत्तरच देत नाही, पण मनाला टोचणीही लागते. काय करावे?
— त्रस्त, पुणे

उत्तर : तुमच्या याद्यांत काही चूक होती असे नाही. अडचण अशी आहे की, यादी मिळवणे हे आज मुळीच अवघड राहिलेले नाही. पोर्टस्विगर कंपनीची ‘वेब सिक्युरिटी अकॅडमी’ ही ऑनलाइन शिकवणी फुकट आहे, वेब सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने सरावासाठी मुद्दाम सदोष बनवलेले ‘ज्यूस शॉप’ हे नकली ऑनलाइन दुकान फुकट आहे, आणि व्हिडिओंना तर अंतच नाही. मुलांपाशी साहित्य भरपूर आहे आणि त्यातले आधी काय करावे हे न कळल्यामुळेच ती ‘रोडमॅप’ मागत आहेत. अशा वेळी चाळीस दुव्यांची यादी म्हणजे पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्याला वरून आणखी एक घागर ओतून देणे होय. ज्याची खरी टंचाई आहे ती गोष्ट तुमच्यापाशी आहे : केलेले काम वाचून ‘हे इथे चुकले’ असे सांगणारा माणूस.

म्हणून ‘मार्गदर्शन करा’ या संदेशाला दोन ओळींचे उत्तर ठरवून ठेवा. एक छोटे काम, एक मुदत. उदाहरणार्थ : ‘बँडिटच्या पहिल्या पाच पायऱ्या करा, कुठे अडलात आणि कसे सुटलात ते अर्धा पान लिहून पुढच्या रविवारपर्यंत पाठवा, मराठीत लिहिले तरी चालेल.’ दहांपैकी बहुतेकजण परत येणार नाहीत. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. त्यांतल्या अनेकांना आपल्याला हे काम आवडत नाही हे एका आठवड्यात आणि फुकटात कळलेले असते, तीच गोष्ट क्लासला भरमसाट शुल्क भरून कळली असती. जे अर्धे पान पाठवतील, त्यांचे मात्र शब्दन् शब्द वाचा. एका वेळी दोघांहून अधिक जण घेऊ नका आणि पंधरवड्यातून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कबूल करू नका, कारण उत्साहाच्या भरात दिलेला रोजचा तास तिसऱ्या आठवड्यात आटतो आणि मग दोन्हीकडे खजीलपणा उरतो.

वाचायचे म्हणजे कसे, ते एका नमुन्यावरून सांगते. गेल्या वर्षी एका मुलीने मला ज्यूस शॉपवरचा तिचा पहिला अहवाल पाठवला. तो एका ओळीचा होता : ‘वेबसाइटमध्ये आयडॉर आहे, खूप क्रिटिकल आहे, लवकर फिक्स करा.’ आयडॉर म्हणजे विनंतीतला क्रमांक बदलून दुसऱ्याची माहिती मिळवता येणे, आणि तिला हा दोष खरोखरच सापडलेला होता. मी तिला पाच प्रश्न विचारले. लॉगिन कोणाच्या नावाने केले होते? नेमका कोणता आकडा बदललास? समोर काय दिसले? फक्त दिसले, की बदलताही येत होते? आणि दुरुस्ती करणाऱ्याने कुठे हात घालायचा? तिसऱ्या खेपेला आलेला मजकूर असा होता : ‘खाते अ वरून लॉगिन करून टोपली पाहण्याच्या विनंतीतील क्रमांक ६ ऐवजी ७ केला. सर्व्हरने खाते ब ची टोपली दाखवली. मागितलेली टोपली मागणाऱ्याच्याच मालकीची आहे का, हे सर्व्हर तपासत नाही. दोन्ही खाती माझी स्वतःची आहेत.’ वेबवरील गंभीर धोक्यांच्या ओवास्पच्या २०२१ च्या ‘टॉप टेन’ यादीत पहिल्या क्रमांकावर असलेला प्रकार तो हाच, प्रवेश-नियंत्रणातील त्रुटी. पण मला आनंद झाला तो शेवटच्या वाक्याने, कारण ते मी सुचवलेले नव्हते. ते वाक्य का महत्त्वाचे, हे पुढच्या पत्राच्या उत्तरात येईलच.

एक पथ्य मात्र पाळा, आणि हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगते आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हाताखाली एक प्रशिक्षणार्थी होती. ती एका ठिकाणी तासभर अडली होती. मी तिचा कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि चार मिनिटांत प्रश्न सोडवला. तिने आभार मानले. त्यानंतर तिने मला पुन्हा कधीही काही विचारले नाही, आणि माझा समज असा की तिला आता सगळे जमू लागले आहे. सहा महिन्यांनी तिने दुसरा विभाग मागून घेतला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून दुसऱ्याच्या कीबोर्डला मी हात लावत नाही. ‘तू काय टाइप केलेस आणि त्याने काय उत्तर दिले, ते मला वाचून दाखव’, एवढेच म्हणते. निम्म्या वेळा वाचता वाचताच त्यांना चूक दिसते.

काम दाखवू लागलेल्या माणसाला पुढे व्यासपीठही मिळवून द्या. लास व्हेगासच्या ‘बी-साइड्स’ परिषदेत ‘प्रूव्हिंग ग्राउंड’ नावाचा उपक्रम आहे. त्यात पूर्वी कधीही व्याख्यान न दिलेल्या व्यक्तीला एका अनुभवी वक्त्याशी जोडून देतात आणि परिषदेच्या आधीच दोघे मिळून व्याख्यान बांधतात. हे आपल्या गावच्या बैठकीतही सहज करता येईल, त्याला ना निधी लागतो ना समिती. इन्स्टाग्रामवाल्याविषयी : अशा मागणीला हसण्यावारी नेऊ नका आणि गप्पही बसू नका. ‘हा गुन्हा आहे, मी करणार नाही, तुम्हीही करू नका’ असे एका वाक्यात कळवा आणि संवाद तिथेच थांबवा.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. त्याच्या क्लासच्या संकेतस्थळावर शुल्काची पावती उघडली असता पत्त्याच्या ओळीतील शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्या विद्यार्थ्याची पावती दिसते, असे त्याच्या लक्षात आले. त्याने सात-आठ पावत्या उतरवूनही घेतल्या आहेत. आता तो म्हणतो, ‘मी त्यांना मेल करून बक्षीस मागतो, नाही दिले तर सगळ्यांना सांगतो.’ मला भीती वाटते. त्याला रागवावे, की त्याचे कौतुक करावे?
— एक आई, सांगली

उत्तर : दोन्ही करा, पण आधी त्याला तो मेल पाठवण्यापासून थांबवा.

त्याला सापडलेला दोष आणि वरच्या मुलीला सापडलेला दोष एकच आहे. फरक एवढाच की, ती स्वतःच्या संगणकावर, सरावासाठी बनवलेल्या दुकानात, स्वतःच्याच दोन खात्यांमध्ये खेळत होती. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा व्यवस्था पाहणाऱ्याच्या परवानगीवाचून संगणक यंत्रणेत प्रवेश करणे आणि तिच्यातली माहिती उतरवून घेणे यांबद्दल नुकसानभरपाई मागता येते; हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केले, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्हेतूने दोष शोधणाऱ्याला स्पष्ट संरक्षण देणारे स्वतंत्र कलम या कायद्यात नाही. आणि ‘पैसे द्या, नाहीतर सांगतो’ हे वाक्य लिहिले गेले, की सद्हेतू सिद्ध करणे फार कठीण होते. त्या वाक्याला साध्या मराठीत खंडणी म्हणतात.

बक्षिसाची कल्पना त्याने ऐकली ती खोटी नाही. १९९५ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमधील दोष दाखवणाऱ्यांना बक्षिसे देऊ केली होती आणि आज अनेक कंपन्या तसे करतात. मात्र त्या कंपन्या कोणत्या यंत्रणा तपासायच्या, कशा तपासायच्या आणि कुठे थांबायचे हे आधी लेखी जाहीर करतात. तुमच्या मुलाच्या क्लासने असे काहीच जाहीर केलेले नसणार. तेव्हा त्याने आता आणखी एकही आकडा बदलू नये, उतरवलेल्या पावत्या कोणालाही पाठवू नयेत व स्वतःपाशी साठवून ठेवू नयेत, आणि काय केले, केव्हा केले ते तारीखवार एका कागदावर खरेखरे लिहावे. पुढे कळवण्याआधी ओळखीच्या वकिलाला तो कागद एकदा दाखवलात तर बरे. मग क्लासच्या चालकांना पत्र तुमच्या नावाने जाऊ द्या : दोष काय आहे, कसा दिसला, आणि तो दुरुस्त करावा, एवढेच. बक्षिसाचा उल्लेख नको. त्यांना थेट कळवणे अडचणीचे वाटत असेल, तर सर्ट-इन ही २००४ पासून काम करणारी केंद्र सरकारची संस्था अशा त्रुटींची माहिती स्वीकारते.

हे सारे झाले, की कौतुकाकडे वळा. आकडा बदलून पाहावासा वाटणे, हीच या क्षेत्रातली पहिली पात्रता आहे; आणि कडीकुलूप लावून ती मारून टाकली, तर तो लपून करील आणि आणखी वाईट संगतीत करील. कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘पिकोसीटीएफ’ ही स्पर्धा शाळकरी मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलेली आहे आणि विनामूल्य आहे. ज्यूस शॉप घरच्या संगणकावर चालते. तिथली पहिली कामगिरी मला फार आवडते : सगळ्या कामगिऱ्यांची यादी असलेले पानच लपवलेले असते आणि ते आधी शोधून काढावे लागते. त्याला एवढेच सांगा, उत्तर सांगू नका. (तुम्हाला ते ठाऊक नसेल, हा याबाबतीत फायदाच आहे.)

प्रश्न : कोल्हापुरात एका नागरी सहकारी बँकेत चौदा वर्षे अंतर्गत लेखापरीक्षणात आहे. वय ३९. सुरक्षेच्या बैठकीला गेले तर सगळी विशीतली मुले. मला प्रोग्रामिंग येत नाही. उशीर झाला का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ओवास्पची ‘टॉप टेन’ यादी वाचून काढा, थोडी पायथन भाषा शिका, आणि एकटेपणा वाटला तर स्त्रियांसाठी चालणाऱ्या ‘इन्फोसेक गर्ल्स’सारख्या गटांत किंवा नलकॉनमधील ‘विंजा’ या स्पर्धेच्या मंडळींत चौकशी करा. पण तिथे केवळ शिकाऊ म्हणून जाऊ नका. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेला हल्ला आठवा. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतले बरेचसे दोन-तीन दिवसांत २८ देशांतल्या एटीएममधून काढले गेले आणि सुमारे १४ कोटी स्विफ्टमार्फत, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, हाँगकाँगला वळवले गेले. पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचण्याआधी मधल्यामध्येच मंजूर केल्या जात होत्या. बैठकीतल्या मुलांना यातला मालवेअर तुमच्यापेक्षा चांगला समजेल. परंतु एटीएमच्या व्यवहारांचा ताळमेळ दिवसअखेर कोण घालतो, कोणत्या दोन याद्या शेजारी ठेवून घालतो, आणि शनिवार-रविवार आला की त्या कामाचे काय होते, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. पुढच्या बैठकीत याच विषयावर बोलायला वेळ मागा. वीस मिनिटे मागा. दहा पुरणार नाहीत, कारण प्रश्न येतील.